अनुस्वार बुजवणाऱ्यांनो, हात आवरा

आमच्या गावच्या घाटावरील शिळेवर ‘हें देऊळ बांधिलें’ असे कोरलेले होते. यंदाच्या डागडुजीत कुणीतरी त्यातल्या ‘हें’ आणि ‘लें’वरचे दोन्ही अनुस्वार सिमेंटने बुजवले आणि ‘अशुद्ध लेखन सुधारले’ म्हणून त्याचे कौतुकही झाले. ती चूक नव्हतीच! अनुच्चारित अनुस्वार गाळण्याचा नियम 1962 सालच्या शुद्धलेखन नियमांतला आहे. त्याआधी कोरलेल्या दगडाला तो लावणे हा शुद्ध अन्याय आहे. ते टिंब नपुंसकलिंगाची खूण होते आणि कोकणातल्या बोलण्यात तो नासिक्य उच्चार आजही ऐकू येतो. उद्या हीच मंडळी श्रवणबेळगोळला जाऊन गोमटेश्वराच्या पायाशी असलेले ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ही छिन्नीने सुधारणार का?

याउलट त्याच देवळाबाहेर गेल्या वर्षी लावलेल्या पत्र्याच्या फलकावर ‘पुरातत्व’, ‘जिर्णोद्धार’ आणि ‘संरक्षीत’ हे तिन्ही शब्द चुकीचे आहेत (‘तत्त्व’च्या जोडाक्षरात दोन त असतात, हे किती वेळा सांगायचे?), आणि दोन लेखी अर्ज देऊनही तिथे रंगाचा एक फटकारा मारायला कुणाला सवड मिळालेली नाही.