‘वेल्डिंग, मशीनिंग शिकून काय उपयोग?’ या संदेशाचा प्रतिवाद

कौशल्याच्या कामांविषयी एक संदेश सध्या पुष्कळ फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, वेल्डिंग आता रोबोट करतात आणि कातकाम, म्हणजे धातू कापून भाग घडवण्याचे मशीनिंग, सीएनसी (संगणकनियंत्रित) यंत्रे करतात, त्यामुळे ही कामे शिकू नयेत. तसेही त्यांत डोके लागत नाही आणि एकदा प्रमाणपत्र हाती आले की शिकण्यासारखे काही उरत नाही. ही तिन्ही विधाने एकेक करून तपासली पाहिजेत.

पहिले विधान रोबोटचे. सीएनसीचे पूर्वरूप असलेल्या संख्यानियंत्रित यंत्राचे (आकड्यांतील सूचनांवर चालणाऱ्या यंत्राचे) प्रात्यक्षिक अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात 1952 मध्ये झाले आणि युनिमेट हा औद्योगिक रोबोट 1961 मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. म्हणजे हे तंत्र काल आलेले नाही. एकच जोड हजारो वेळा द्यायचा असेल आणि प्रत्येक सुटा भाग फिक्श्चरमध्ये (भाग जागेवर पकडून ठेवणाऱ्या चौकटीत) तंतोतंत बसत असेल, तर रोबोट माणसाला मागे टाकतो, हे मान्यच केले पाहिजे. परंतु दुरुस्तीचे काम, चालू प्रकल्पातील पाइप, जहाजाच्या पोटातील अडचणीची जागा, जिथे दोन कडांमधील फट दर इंचाला बदलते, तिथे वितळलेल्या धातूकडे पाहून हात आणि करंट सांभाळणारा वेल्डरच लागतो. शिवाय रोबोटला मार्ग शिकवणारा आणि सदोष जोड ओळखणारा माणूसही वेल्डिंग जाणणाराच असावा लागतो. धोका खरा आहे तो फक्त जॉब (घडवायचा तुकडा) लावून बटण दाबणाऱ्या ऑपरेटरला, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमका हाच भेद पुसून टाकला आहे.

डोके लागत नाही, हे विधान तर सर्वांत पोकळ आहे. पोलादाचा 100 मिलिमीटर लांबीचा तुकडा 10 अंश सेल्सिअसने तापला की सुमारे 0.012 मिलिमीटर वाढतो. ड्रॉइंगमध्ये मापातील फरकाला एकूण 0.01 मिलिमीटरचीच सवलत असेल, तर गरम असताना अचूक भरलेला जॉब थंड झाल्यावर बाद ठरू शकतो. मापनाचे प्रमाण तापमान 20 अंश का ठरवले आहे, टूलची (कापणाऱ्या अवजाराची) झीज ऑफसेटमध्ये (यंत्राला दिलेल्या मापाच्या दुरुस्तीत) किती भरून काढायची, पातळ भिंतीचा जॉब चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यांत) किती आवळायचा, हे यंत्र कामासाठी लावून देणाऱ्या सेटरला कळावे लागते. प्रोग्रॅम ते स्वतःहून ठरवत नाही.

प्रमाणपत्राविषयीचे विधान नियमांनाच धरून नाही. आयएसओ 9606-1 या वेल्डरच्या पात्रतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वेल्डर त्या पद्धतीचे काम करत आहे, याची पुष्टी दर सहा महिन्यांनी करावी लागते. ती न झाल्यास पात्रता संपते. पात्रतेलाही मर्यादा असतात. सपाट स्थितीतील पट्टीवर उत्तीर्ण झालेल्याला 45 अंशांत कललेल्या, न फिरणाऱ्या पाइपवर, म्हणजे 6जी स्थितीत, काम करण्याची मुभा आपोआप मिळत नाही. म्हणून प्रशिक्षण निवडताना प्रमाणपत्राच्या नावापेक्षा प्रत्यक्ष आर्कवर, म्हणजे हाताने वेल्डिंग करत, किती तास मिळतात, कोणत्या स्थितींत सराव होतो आणि जोड कापून किंवा वाकवून तपासला जातो का, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.