डिकीवरच्या सायकल रॅकचे खालचे पट्टे काढू नका

‘डिकीवरच्या सायकल रॅकचे वरचे दोन पट्टे घट्ट आवळले की पुरे, खालचे आणि बाजूचे नावापुरतेच’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

वरचे पट्टे वजन पेलतात, हे खरं. पण खड्ड्यात गाडी आदळली की रॅक उचलला जातो. त्याला खाली धरून ठेवतात ते खालचे पट्टे. बाजूचे पट्टे वळणावरचं डोलणं थांबवतात. ते नसतील तर रॅक सरकतो, रंग घासला जातो आणि वरच्या पट्ट्यांच्या टोकाचे हूक हळूहळू सुटू लागतात. रॅकसोबतच्या माहितीपत्रकात सगळे पट्टे बांधायला सांगितलेलं असतं, ते याचसाठी.

हूक पत्र्याच्या कडेलाच अडकवा. काचेला किंवा प्लॅस्टिकच्या स्पॉयलरला (डिकीवरच्या पंखासारख्या पट्टीला) नको. सायकली चढवल्यावर पट्टे पुन्हा ओढा, कारण वजनाने रॅक थोडा बसतो. दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून परत तपासा. पट्ट्यांची मोकळी टोकं बांधून टाका. सायकलचं टायर गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडासमोर नको, उष्णतेने रबर वितळतं (हे हमखास विसरलं जातं). नंबरप्लेट आणि मागचे दिवेही झाकले जाऊ नयेत.

तो मेसेज आला तर पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.