कुरोसावांचे ‘जळालेले रीळ’ आणि इतर थापा

जुन्या भव्य चित्रपटांतील लढाईच्या प्रसंगांचे ‘ध्वनिरहस्य’ उलगडून सांगणारा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला नसता, तर मी त्याकडे दुर्लक्षच केले असते. भाचा एका हौशी नाट्यसंस्थेत ध्वनिसंयोजन करतो. ऐतिहासिक नाटकातल्या लढाईच्या प्रवेशासाठी त्याने चांगली योजना केली होती: आधी लांबून येणाऱ्या टापा, मग क्षणभर काहीच नाही आणि त्यानंतर पहिली आरोळी. हा मजकूर वाचल्यावर त्याने ती सगळी मोडून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ढोलांचा एकच लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) टाकला आणि वर मलाच सांगितले, “मावशी, मोठमोठ्यांनी हेच केलंय, तू हे वाच.” मी वाचले, आणि म्हणून हे लिहिते आहे.

मजकुरातील दावे थोडक्यात असे आहेत. एक, जुन्या काळी ध्वनियोजना नावाची गोष्टच नव्हती, त्यामुळे लढाई सुरू झाली की वाद्यवृंद सुरू आणि लढाई संपली की बंद, एवढाच नियम होता. दोन, तलवारी, घोडे आणि सैन्याच्या गर्जना हे सगळे त्या जागी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित केलेले असल्यामुळे ते ‘अस्सल’ होते. तीन, सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइन यांनी ‘अलेक्झांडर नेव्हस्की’मधील बर्फावरची लढाई आधीच तयार असलेल्या संगीतावर कापली, म्हणजे त्या संगीताबरहुकूम संकलित केली. चार, रणवाद्यांचा ठेका प्रेक्षकाच्या हृदयाची गती बदलतो आणि म्हणूनच ही दृश्ये परिणाम करतात. पाचवा दावा असा की, जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या ‘रान’ या चित्रपटातील निःशब्द लढाई हा अपघात होता, किल्ला खरोखर पेटवला तेव्हा ध्वनीची रिळे जळाली, म्हणून घाईघाईने वर संगीत चिकटवले आणि समीक्षकांनी त्यालाच कला म्हटले.

पाचव्या दाव्यापासूनच सुरुवात करते, कारण तो सर्वांत हास्यास्पद असूनही सर्वांत जास्त आवडीने पुढे पाठवला जातो. ‘मोठ्या माणसाची मोठी कृती खरे तर योगायोग होती’ हे ऐकायला आपल्याला बरे वाटते, एवढेच त्यामागचे कारण असावे.

‘रान’ १९८५ सालचा. वृद्ध सरदार हिदेतोरा आपले राज्य तीन मुलांत वाटतो आणि थोरले दोघे त्याच्यावर उलटतात. तो तिसऱ्या किल्ल्यात आश्रय घेतो आणि तारो व जिरो या दोघांची सैन्ये त्या किल्ल्यावर तुटून पडतात. बाण सुटतात, माणसे कोसळतात, रक्त वाहते, हिदेतोराच्या स्त्रिया एकमेकींचा जीव घेतात, पण एकही टाप, किंकाळी किंवा बाणाची सणसण आपल्याला ऐकू येत नाही. ऐकू येते ते केवळ तोरू ताकेमित्सु यांचे संथ, शोकमग्न वाद्यवृंदाचे संगीत. कित्येक मिनिटे असे चालते आणि अचानक बंदुकीचा एक बार होतो. तारो घोड्यावरून खाली कोसळतो आणि त्याच क्षणी लढाईचा सगळा कल्लोळ कानांवर आदळतो.

आता ‘जळालेल्या रिळां’चा विचार करू. ती रिळे इतकी शहाणी होती का, की नेमकी त्या बारापर्यंतची जळाली आणि बारापासून पुढची सुखरूप राहिली? पुढच्या दृश्यातील घोडे, बंदुका आणि आरोळ्या मग कुठून आल्या? शिवाय अशा दृश्यातील बहुतेक आवाज चित्रीकरणानंतर स्टुडिओत तयार करून बसवले जातात, हे ज्याने कोणत्याही संकलन कक्षात अर्धा तास घालवला आहे त्याला ठाऊक असते. जागेवरची सगळी रिळे खरोखर जळाली असती, तरी बाणांचे आणि टापांचे आवाज पुन्हा बसवायला काहीच अडचण नव्हती. किल्ला खरोखर पेटवला होता, एवढाच भाग खरा आहे. फुजी पर्वताच्या उतारावर तो सेट उभारला होता आणि तो एकदाच जाळता येणार होता, त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नाची सोय नव्हती. या खऱ्या वाक्याला पुढची थाप जोडलेली असल्यामुळेच ती लोकांना पटते.

पण तर्काची गरजच नाही, कारण उत्तर लेखी उपलब्ध आहे. ‘रान’ची पटकथा कुरोसावा, हिदेओ ओगुनी आणि मासातो इदे यांनी चित्रीकरणाच्या कित्येक वर्षे आधी लिहिली होती, पैसे उभे राहीपर्यंत कुरोसावा त्या दृश्यांची चित्रे रंगवत बसले होते. ही पटकथा पुढे पुस्तकरूपाने इंग्रजीतही आली. तिच्यात किल्ल्याच्या पाडावापाशी दिलेल्या सूचनेचा आशय असा आहे: नरकाचे एक भयंकर चित्रपट्ट उलगडत जावे तशी ही दृश्ये दिसतील, दिवसाढवळ्या पडलेल्या दुःस्वप्नासारखी, आणि त्यांत प्रत्यक्षातले आवाज नसतील. माणसाची ही दुष्कृत्ये अश्रू ढाळणारा बुद्ध पाहतो आहे. त्यांवरचे संगीत हुंदक्यासारखे सुरू होईल, पुन्हा पुन्हा येत चढत जाईल आणि शेवटी असंख्य बुद्धांच्या आक्रोशासारखे होईल. आवाज काढून टाकण्याचा निर्णय, संगीताचा भाव, त्याची चढण आणि हे सगळे कोणाच्या नजरेतून पाहायचे आहे, असे चारही मुद्दे किल्ल्याची पहिली वीट रचण्याआधी कागदावर होते. संगीत कसे असावे यावरून कुरोसावा आणि ताकेमित्सु यांच्यात खटके उडाले आणि कुरोसावांच्या कानात युरोपीय संगीतकार माहलर घुमत होता, ही गोष्टही सर्वज्ञात आहे. घाईघाईत काहीतरी चिकटवणारी माणसे स्वरांच्या जातीवरून भांडत बसत नाहीत.

या थापेचा राग मला कुरोसावांच्या कीर्तीसाठी येत नाही, ती सुरक्षित आहे. राग याचा येतो की शिकणाऱ्या मुलाला ती असे सांगते की आवाज काढून घेणे हा निर्णय असूच शकत नाही आणि शांतता म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण. मग तो मुलगा प्रत्येक फट लूपने बुजवू लागतो.

पहिल्या दाव्याकडे वळू. लढाई म्हणजे अखंड वाद्यवृंद, हा ‘नियम’ मोडणारी उदाहरणे शोधायला कोणत्याही दुर्मीळ संग्रहात जावे लागत नाही. ‘सेव्हन सामुराई’ १९५४ सालचा. फुमिओ हायासाका यांनी सामुराईंसाठी रचलेली धून एकदा ऐकली की विसरता येत नाही, पण पावसातल्या शेवटच्या लढाईत तिला प्रवेश नाही. तिथे कोसळणारा पाऊस आहे, चिखलात रुतणाऱ्या टापा आहेत, ओरडणारे गावकरी आहेत आणि मधूनच बंदुकीचा बार आहे. चित्रपटात मरणारे चारही सामुराई बंदुकीच्या गोळीनेच मरतात. वर वाद्यवृंद असता तर तो बार त्याच्या आवाजात बुडाला असता आणि तलवारीचे युग एका फटक्यात संपते आहे हे कानाला कळलेच नसते. १९५९च्या ‘बेन-हर’मधील रथशर्यत ही लढाई नव्हे, पण तिच्याइतकी हिंसक आहे. मिक्लोश रोझा यांनी रथांच्या मिरवणुकीसाठी दणदणीत संगीत दिले आणि शर्यत सुरू झाल्यावर एकही स्वर दिला नाही. तिथे चाके, चाबूक, टापा आणि गर्दी आहे. त्या चित्रपटाला मिळालेल्या अकरा ऑस्करांत संगीत आणि ध्वनी हे दोन्ही पुरस्कार आहेत.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४४च्या ‘हेन्‍री द फिफ्थ’चे आहे. युद्धकाळात आयर्लंडमध्ये चित्रित केलेल्या, इंग्रज आणि फ्रेंच यांच्यातील ॲजिनकोर्टच्या लढाईत फ्रेंच घोडदळ आधी चालत, मग दुडक्या चालीने आणि शेवटी भरधाव निघते. विल्यम वॉल्टन यांचे संगीत त्या घोड्यांबरोबर वेग घेत जाते. आपण त्या लयीवर स्वार झालेलो असतो, तेवढ्यात हेन्‍रीची तलवार खाली येते आणि संगीत थांबते. हवेत सुटलेल्या शेकडो बाणांचा सणसणाट तेवढा ऐकू येतो. बाणांचा तो आवाज मोठा नाही, पण आधीच्या संगीताने त्याच्यासाठी जागा करून ठेवलेली असते. भाच्याच्या मूळ योजनेत टापांनंतरचा जो रिकामा क्षण होता, तो याच जातीचा होता.

इथे मजकुराला एक अर्धे सत्य द्यावे लागेल, ते नाखुशीनेच देते. त्या काळातील तंत्र तोकडे होते, हे खरे आहे. फिल्मच्या कडेला छापलेल्या एकाच ध्वनिपट्टीत संवाद, संगीत आणि आवाज हे सगळे कोंबायचे. फार बारीक आणि फार खर्जातले आवाज तीत टिकत नसत आणि सगळे एकदम वाढवले की कशाचेच काही समजत नसे. पण यातून निघणारा निष्कर्ष मजकुराच्या बरोबर उलटा आहे. एकाच अरुंद पट्टीत दोन गोष्टी भांडणार असतील, तर प्रत्येक क्षणी कोणती ठेवायची आणि कोणती काढायची हे ठरवावेच लागते. ‘ध्वनियोजना’ हे श्रेय पडद्यावर १९७९च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये वॉल्टर मर्च यांच्या नावापुढे आले, म्हणून ते काम तेव्हाच जन्मले असे होत नाही.

दुसरा दावा ‘अस्सल’ आवाजांचा. ज्या सेटवर कॅमेरे घरघरत असतात, दिग्दर्शकाचे सहायक कर्ण्यातून ओरडत असतात आणि हजारो जादा कलाकारांना पुढे-मागे हाकले जात असते, तिथला आवाज कसा असेल याची कल्पना कोणीही करू शकतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६०च्या ‘स्पार्टाकस’चे उदाहरण पुरेसे आहे. त्यातल्या मोठ्या लढाईसाठी स्पेनमध्ये हजारो स्पॅनिश सैनिक उभे केले होते, पण पडद्यावरच्या जनसमुदायाच्या गर्जना १९५९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात मुद्रित केल्या होत्या. मिशिगन स्टेट आणि नॉत्र दाम यांच्यातील सामना पाहायला आलेल्या सुमारे ७६ हजार प्रेक्षकांकडून “हेल क्रॅसस” (रोमन सेनापती क्रॅससचा जयजयकार) आणि “आय ॲम स्पार्टाकस” असे ओरडून घेण्यात आले. म्हणजे जे रोमन सैन्य आणि जे बंडखोर गुलाम आपल्याला ऐकू येतात, ते खरे तर सुट्टीच्या दिवशी सामना पाहायला आलेले विद्यार्थी आणि त्यांचे नातेवाईक आहेत. याने दृश्य खोटे होत नाही. खोटा ठरतो तो फक्त ‘जागेवरचा अस्सल आवाज’ हा दावा. ज्यांना आणखी पुरावा हवा असेल त्यांनी ‘विल्हेल्म किंकाळी’ म्हणून प्रसिद्ध असलेला आवाज ऐकावा. १९५१च्या एका चित्रपटासाठी मुद्रित केलेली ही एकच किंकाळी त्यानंतर कितीतरी वेगवेगळ्या युद्धांत कितीतरी वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी गेली आहे.

तिसरा दावा अर्धा खरा आहे. ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ १९३८चा. १२४२ साली गोठलेल्या सरोवरावर रशियन आणि जर्मन सैन्यांत झालेली लढाई भर उन्हाळ्यात, नकली बर्फावर चित्रित झाली. आयझेन्स्टाइन यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, काही दृश्ये त्यांनी संगीतकार प्रोकोफिएव्ह यांच्या तयार संगीतावर कापली, तर काहींसाठी प्रोकोफिएव्ह यांनी आधी कापलेले दृश्य पाहून संगीत लिहिले. रात्री दृश्य दाखवावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला संगीत हजर व्हावे, असे चालत असे. मजकूर लिहिणाऱ्याने यातला पहिला भाग उचलला आणि दुसरा टाकून दिला. त्याने टाकलेली आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जर्मन सरदारांची रणशिंगे कानाला क्रूर वाटावीत म्हणून प्रोकोफिएव्ह यांनी वादकांना थेट मायक्रोफोनमध्ये फुंकायला लावले आणि त्यातून फाटलेला, विद्रूप आवाज मुद्दाम मिळवला. जे यंत्राचे वैगुण्य समजले जाते त्याचे १९३८ साली शस्त्र करणाऱ्या माणसाच्या काळात ‘ध्वनियोजना नव्हती’ असे म्हणायला धाडस लागते.

चौथ्या, हृदयगतीच्या दाव्याला मजकुरात कसलाही आधार दिलेला नाही, म्हणून त्यावर फार शब्द खर्च करत नाही. वरच्याच दोन लढाया पाहा: ‘सेव्हन सामुराई’च्या शेवटच्या लढाईत वाद्येच नाहीत आणि ‘रान’मध्ये आहेत ती अत्यंत संथ. ठेका हे परिणामाचे एक साधन आहे. १९६४च्या ‘झुलू’मध्ये दक्षिण आफ्रिकेतील झुलूंचे सैन्य दिसण्याआधी त्यांच्या ढालींवरच्या प्रहारांचा आवाज टेकड्यांमागून आगगाडीसारखा येतो, तेव्हा छातीत धडधडते हे मान्य आहे. पण तिथे भीती ठेक्याच्या गतीमुळे नव्हे, तर आवाज आहे आणि माणसे दिसत नाहीत यामुळे वाटते. तोच ठेका सैन्य समोर उभे असताना वाजवून पाहावा आणि काय उरते ते ऐकावे.