उजनीचं पाणी पुण्यातून जातं

मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की आपण पुणेकर फोटो काढतो, खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं ते एकमेकांना कळवतो, आणि दोन दिवसांनी पाणी उतरलं की विषय संपतो. ते पाणी पुढे कुठे गेलं, यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. त्याच दिवसांत करमाळा, माढा, मोहोळ, पंढरपूर इथली माणसं सकाळी उठून मोबाइलवर पहिला आकडा बघतात तो दौंडच्या विसर्गाचा. दौंडला भीमेत किती पाणी आहे, त्यावर त्यांचं पुढचं वर्ष ठरतं. कारण दौंडहून पुढे ते सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणात जातं.

गेली काही वर्षं हे मनात घोळतंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं असं की उजनी हे सोलापूरइतकंच पुण्याचं धरण आहे, आणि पुण्याने ते मानायला हवं.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुठा संगमावर मुळेला मिळते. मुळा-मुठा थेऊरवरून पुढे जाऊन रांजणगाव सांडसला भीमेत शिरते. इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला भीमेला मिळालेली असते, आणि घोड नदी पुढे येऊन मिळते. म्हणजे मावळ, मुळशी, वेल्हे, खेड, आंबेगाव, जुन्नर या डोंगरी तालुक्यांत पडलेला पाऊस, वरची धरणं भरून उरला की, सिद्धटेकवरून भिगवणच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागे साचलेल्या पाण्यात पोचतो. उजनीच्या आसपासचा पट्टा स्वतः कमी पावसाचा. तिथे आभाळ कोरडं असताना धरण भरताना लोकांनी पाहिलंय, कारण पाऊस इकडे घाटमाथ्यावर पडत होता.

भीमेवरचं हे धरण माढा तालुक्यात भीमानगरला आहे, १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). आपली खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९ टीएमसीच्या आसपास होतात. तशा चार साखळ्या एकट्या उजनीत मावतील. पण या ११७ मध्ये ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचं पाणी आहे. पेपरात टक्केवारी येते ती त्याच्या वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. वरचं संपलं की आकडा शून्याखाली जातो आणि 'उजनी उणे वीस', 'उणे तीस' अशा बातम्या सुरू होतात. इतका मोठा मृतसाठा असणं हीच खरं तर उजनीची शिदोरी. २०२३ ला पाऊस कमी झाला, धरण पूर्ण भरलंच नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेलं. तरीही गावांची तहान त्याच खालच्या पाण्यावर भागली. मग पाऊस आला आणि ऑगस्टमध्ये धरण भरलं.

माझी मावशी करमाळा तालुक्यात, उजनीच्या काठावर राहते. १९७२ च्या दुष्काळात तिच्या सासूबाईंनी रोजगारासाठी खडी फोडली होती. सुकडी खाऊन दिवस काढल्याचं त्या सांगायच्या. त्या रानात तेव्हा ज्वारी यायची, तीही पावसाची मर्जी असेल तर. आज त्याच शिवारात केळी आहे. कंदर परिसरातली केळी कंटेनरने आखाती देशांत जाते, हे आता त्या भागात कुणाला नवल वाटत नाही. मावसभाऊ इंजिनीअरिंग शिकला तो त्या केळीच्या आणि उसाच्या पैशांवर. धरणाचा फायदा मोजायचा तर मी हेक्टरच्या आकड्यांआधी हे बघतो की एका घरातल्या बाईच्या हातातली हातोडी किती वर्षांत सुटली.

पलीकडे इंदापूर, दौंडच्या बाजूला डाळिंब, द्राक्षं, ऊस, दुभती जनावरं. डाव्या-उजव्या कालव्यांनी आणि भीमा-सीना बोगद्याने हे पाणी पार मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूरपर्यंत नेलं. सोलापूर शहर उजनीवर जगतं. धाराशिव शहरालाही उजनीचं पाणी मिळतं, म्हणजे भीमेचं पाणी मराठवाड्यातल्या नळांना पोचलंय. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचं वीजघर आहे. मार्केट यार्डात आपण जी फळं-भाजी घेतो, त्यातही या पट्ट्याचा वाटा आहेच.

आणि पंढरपूर. आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेत स्नानापुरतं पाणी राहावं म्हणून गरज पडेल तेव्हा उजनीतून पाणी सोडलं जातं. आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी निघते ती इंद्रायणीच्या काठावरून. तीच इंद्रायणी भीमेला मिळून, उजनीत थांबून, चंद्रभागा म्हणून वारकऱ्यांच्या पुढ्यात येते. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा आपण रस्त्यावर उभे राहून पाणी वाटतो, पाय चेपून देतो. त्याच इंद्रायणीवर गेली काही वर्षं पांढरा फेस तरंगताना दिसतो, तेव्हा मला त्या सेवेची फार लाज वाटते.

पावसाळ्यात उजनीला आणखी एक अवघड काम असतं. वरून लोंढा येतो तेव्हा धरण तो आधी पोटात घेतं आणि मग बेताने सोडतं. खाली नीरा नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते. वीर धरणातूनही त्याच वेळी पाणी सुटलं तर पंढरपूरच्या काठावरच्या वस्त्यांत पाणी शिरतं. पुण्यातल्या धरणांचे, वीरचे आणि उजनीचे दरवाजे एकमेकांना विचारून उघडावे लागतात. हे काम रात्र रात्र जागून करणारे जलसंपदा विभागाचे लोक कधी कुणाच्या पोस्टमध्ये येत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम उल्लेख करतो.

भिगवणला तुम्ही फ्लेमिंगो बघायला गेला असाल. रोहित म्हणा, अग्निपंख म्हणा, हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या उथळ पाण्यात ते येतात आणि पुण्यातून कॅमेरे घेऊन माणसं जातात. होडी चालवणारी पोरं पक्ष्यांची नावं मराठीत आणि इंग्रजीत सांगतात. त्यांच्यापैकी बऱ्याच घरांचा मूळ धंदा मासेमारी. या पाण्यात आता चिलापी या परक्या माशाचंच राज्य आहे, आणि पूर्वी मिळायचे ते कितीतरी देशी मासे जाळ्यात येत नाहीत, असं ते सांगतात. भिगवणची मच्छी खायला हायवेवर गाडी थांबवणाऱ्यांनी हे एकदा त्यांच्याकडून ऐकावं.

धरणाचं कौतुक करताना ज्यांची गावं गेली त्यांना विसरून लिहिणं मला जमणार नाही. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी खूप खाली गेलं की उघडं पडतं आणि बातमी होते. आपल्याला ते शिल्प म्हणून सुंदर वाटतं. तिथल्या लोकांसाठी ते पारावर बसायचं, लग्नाचं, जत्रेचं गाव होतं. मावशीच्या सासरचं जुनं घरही पाण्यातच आहे. त्या पिढीने काळी कसदार जमीन दिली आणि माळावर नव्याने संसार मांडला. काठावर राहूनही या गावांना हाल चुकत नाहीत. पाणी मागे सरकलं की शेतकरी गाळात चाऱ्या खोदतात, पाइप आणि केबल पुढे पुढे नेतात, मोटारी चोरीला जाऊ नयेत म्हणून रात्री राखण करतात. समोरच्या तीरावरच्या गावाला जायचं तर होडी, नाहीतर लांबचा वळसा.

उसाबद्दलही स्पष्ट बोलतो. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी झाली ती उजनीमुळे, आणि त्यातून पैसा आला हेही खरं. पण पाटाने पाणी सोडून वर्षभर ऊस भिजवत ठेवायचा आणि मार्चनंतर पिण्याच्या पाण्यासाठी आवर्तनावरून भांडायचं, हे फार काळ चालणारं नाही. ठिबकवर ऊस उत्तम येतो. मावसभावाने करून दाखवलाय. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी न्यायचं असेल तर वरच्यांनी ठिबक लावायलाच हवं.

आता आपल्याकडे येतो, कारण मला खरं हेच सांगायचंय.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड वापरतात त्या पाण्याचा मोठा भाग मैलापाणी होऊन नदीत परत जातो. त्यातलं सगळं शुद्ध होत नाही. नद्या सुधारण्यासाठी 'जायका' या जपानी अर्थसाहाय्य संस्थेच्या मदतीचा प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला. ११ शुद्धीकरण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. तो वर्षानुवर्षं रखडत आला. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपसा विहिरीतून, प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या कालव्यात, म्हणजे आपल्या बेबी कालव्यात, शेतीसाठी सोडायचं ठरलं. त्या पाण्याच्या प्रतीबद्दल खालचे शेतकरी तक्रार करत राहिलेत. उरलेलं सगळं थेट भीमेत. फुगवट्यात पाणी थांबतं, त्यामुळे आपण सोडलेलं तिथे साचतं, हिरवं होतं, जलपर्णी पसरते. पुढे हेच पाणी सोलापूरकर शुद्ध करून पितात. २०२१ साली उजनीत येणाऱ्या 'सांडपाण्याच्या' नावाने पाच टीएमसी इंदापूरला देण्यावरून सोलापूर आणि इंदापूर एकमेकांसमोर उभे ठाकले होते. सांडपाणी आपलं, आणि भांडण त्यांच्यात लागलं.

नदीकाठ सुशोभीकरणावर आपण पुण्यात तावातावाने बोलतो, बोलायलाच हवं. पण काठावर फरशी बसवायची की झाडं ठेवायची या वादात पाणी कसं आहे हा प्रश्न मागे पडतो. मुठेचं पाणी संगमापाशी जसं असेल तसंच ते भिगवणला पोचणार आहे.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे, आणि ज्यांना पटेल त्यांनी ती आपापल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे लावून धरावी. दौंडचा विसर्ग जसा रोज जाहीर होतो, तसा मुळा-मुठा भीमेला मिळते तिथल्या पाण्याच्या प्रतीचा आकडाही रोज जाहीर व्हावा. दोन्ही महापालिकांची कोणती शुद्धीकरण केंद्रं त्या दिवशी चालू होती, किती क्षमतेने चालली, कोणत्या नाल्याचं पाणी तसंच सोडलं गेलं, हेही त्याच तक्त्यात असावं. मराठीत, मोबाइलवर सहज बघता येईल असं. करमाळ्याच्या माणसाला सकाळी उठून किती पाणी येतंय हे कळतं, तसं कसलं पाणी येतंय हेही कळलं पाहिजे, आणि ते त्याला पुण्याने स्वतःहून सांगितलं पाहिजे.