काम झालं की सुट्टी देणारं ॲप

"मोबाईलमुळे लोकांचे छंद मेले" हे वाक्य कुठल्याही लग्नात, बारशात कोणीतरी टाकतंच आणि बाकीचे सगळे माना डोलावतात. मला नाही पटत. माझे तर दोन-तीन जुने छंद मोबाईलमुळेच परत सुरू झालेत. मुलुंडवरून सकाळी लोकलमध्ये बसायला मिळालं (मिळालं तर!) की एखादं नवीन ॲप टाकायचं, आठवडाभर वापरून बघायचं, नाही पटलं तर उडवायचं. नवरा म्हणतो आता हाच तुझा छंद झालाय. म्हणू दे.

तर एवढ्या टाका-काढीनंतर माझी एकच कसोटी उरलीय. काम झालं की ते आपल्याला सोडतं का? म्हणजे नाव कळलं, सूर मिळाला, वेळ कळली की फोन खाली ठेवता येतो का, की ते मागे लागतं "अजून थोडं बघा ना" करत?

सोडणाऱ्यांमधलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे मर्लिन. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-संस्थेचं आहे, फुकट, एक जाहिरात नाही. 2021 साली त्यात आवाजावरून पक्षी ओळखायची सोय आली. आपल्या भागाचा पॅक घरच्या वायफायवर एकदा उतरवून ठेवला की नेटशिवाय चालतं, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण नॅशनल पार्कात जरा आत गेलं की रेंजची बोंब. मी साधारण साडेसहाला, रिक्षा आणि शेजारचे मिक्सर सुरू व्हायच्या आधी, फोन गॅलरीच्या कठड्यावर ठेवते. स्क्रीनवर आवाजाची नक्षी सरकत राहते, खाली नावं येत जातात आणि तोच पक्षी परत ओरडला की त्याचं नाव पिवळं होतं. खरी मजा त्या पिवळं होण्यात आहे, कारण चार जण एकदम कालवा करत असले तरी नाव पेटलं त्या क्षणाला आपला कान बरोबर त्याच आवाजावर जातो. टुक टुक टुक करत एका लयीत चालतो तो तांबट, मुंबईचा शहरपक्षी. आमच्या मजल्यावरचे एक काका इतकी वर्षं तो टाकीच्या पंपाचा आवाज समजत होते आणि सोसायटीच्या मिटिंगमध्ये तक्रारही करून झाली होती त्यांची. आता रोज सकाळी मलाच सांगतात, "ऐकलंस का, आलाय."

दयाळ उन्हाळ्यात पहाटेच गायला लागतो, त्याची शीळ मला आता फोनशिवाय कळते. शिंपी कळतो, भारद्वाजाचं ते घुमणं कळतं. त्यामुळे हल्ली ॲप क्वचितच उघडते मी. ते रुसत नाही, "आम्हाला तुमची आठवण येते" असे मेसेज पाठवत नाही. हे केवढं मोठं सुख आहे!

अर्थात त्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. जंगलात भृंगराज असतो, तो दुसऱ्या पक्ष्यांच्या इतक्या बेमालूम नकला करतो की तिथे नसलेल्याही पक्ष्याचं नाव यादीत येऊ शकतं. म्हणून मी डोळ्यांनी दिसल्याशिवाय लिहीत नाही. लिहायचं कुठे, तर ईबर्डवर, त्याच संस्थेचं पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ॲप आहे ते. यावर लोक म्हणतात कशाला तो डेटा गोळा करायचा. तर ऐका, भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर 2023 मध्ये जो अहवाल आला तो 30 हजारांवर पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर टाकलेल्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे, 942 जातींचा आढावा घेतलाय त्यात. आणि नोंदी टाकणारे सगळे काही शास्त्रज्ञ नव्हेत, गॅलरीतून कावळे-साळुंख्या मोजणारेही आहेत की!

आता गाणं. इथे माझं मत जरा मिश्र आहे. तानपुऱ्याचं ॲप म्हणजे वरदान, यात वादच नाही. मुंबईच्या वन रूम किचनमध्ये खरा तानपुरा ठेवायचा कुठे, फ्रिजवर? पट्टी काळी चार लावा, मालकंस गायचाय तर पंचमाच्या जागी मध्यम करा, एका बोटाचं काम. फक्त एक करा, फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाची तार जवळजवळ येतच नाही, नुसती वरची झणझण येते आणि मग सूर कशाला टेकवायचा ते कळत नाही. साधा ब्लूटूथ स्पीकर लावा, जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पण ती सूर तपासणारी ॲप्स, ज्यात काटा हिरव्यात आला की बरोबर आणि लाल झाला की चूक, त्यांच्यावर माझा राग आहे. त्यातली बहुतेक सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून मोजतात, पेटीसारखे. आता दरबारीचा गंधार घ्या. तो नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला, शिवाय आंदोलित, एका जागी उभा राहतच नाही बिचारा. तो छान लागला की काटा लालेलाल! आमच्या गाण्याच्या बाईंना दाखवलं तर त्यांनी फोन उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, "डोळे मिट आणि परत गा." विषय संपला. नवशिक्यांनी सा आणि प पक्का करायला वापरावं थोडे दिवस, त्यापुढे नको.

भरती-ओहोटीची ॲप्स हा एक मस्त प्रकार आहे, ओहोटीला हाजी अलीच्या किंवा जुहूच्या बाजूला खडकांत काय काय सापडतं ते बघायला जायचं तर. आपल्याकडे कोकणात जुना हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट करा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, चतुर्थी असेल तर तीन वाजता, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. माझ्या सासूबाई बोटांवर सांगतात आणि ॲपशी ताडून पाहिलं तर थोडाफारच फरक पडतो. फक्त पाणी किती मीटर खाली जाणार ते बोटांवर नाही कळत आणि खडकांतली डबकी उघडी पडायला तेच लागतं. खेकडा-शंख दिसला की फोटो काढून आयनॅचरलिस्टवर टाकायचा, तिथे जाणकार माणसं नाव सांगतात, चुकलं असेल तर दुरुस्त करतात. फोटो काढताना प्राण्याला उचलू नका प्लीज, आणि दगड पलटलात तर परत होता तसा ठेवा.

आणि न सोडणारी? कुंडीतल्या झाडाला काय झालंय ते सांगणारं एक टाकलं होतं, नाव नाही घेत. तुळशीचा फोटो काढला तर उत्तराआधी "तीन दिवस फुकट, मग वर्षाचे पैसे" आणि ऑटोपेची परवानगी मागतंय. अहो, तुळस आहे! लगेच उडवलं. तुम्ही असं काही चालू करून बसला असाल तर नुसतं ॲप काढून भागत नाही, यूपीआयमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ते रद्द करा, नाहीतर पैसे जातच राहतात.

आता मला भरतकामासाठी काहीतरी हवंय, फोटोवरून चौकटीचा नमुना काढून देणारं. कोणी वापरत असेल तर कमेंटमध्ये सांगा, पण लॉगिन मागतं का आणि जाहिराती किती, ते आधी लिहा.