पिंजरा मागायचा की दिवसाची लाईट?

अप्पांनी अर्ज लिहूनच आणला होता. मजकूर दोन ओळींचा : आमच्या शिवारात बिबट्या फिरतो, पिंजरा लावून त्याला उचलून न्या. खाली बऱ्याच सह्या. आमच्यातला बाळ्या सर्पमित्र. त्यानं कागद वाचला आणि घडी करून परत दिला.

"अप्पा, मी नाही करत सही."

"कायले? तुह्यं वासरू गेलं नाही म्हणून?"

फैजपूरच्या कट्ट्यावर यानंतर रात्री दहापर्यंत दुसरा विषय निघाला नाही.

अप्पांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या खळ्यातून गोऱ्हा गेला. भरपाईसाठी अठ्ठेचाळीस तासांत वनखात्याला कळवायचं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, हे नियम त्यांनी पाळले. पंचनाम्याला माणूस उगवला तो तिसऱ्या दिवशी. तोवर कुत्र्यांनी ओढून ओढून निम्मं संपवलं होतं, आणि वरून प्रश्न काय, तर बिबट्यानंच मारला कशावरून! ज्याचं जनावर जातं त्याला बिबट्याचा राग एक दिवस येतो, कागदाचा वर्षभर पुरतो, असं आपलं माझं मत.

बाळ्याचा मुद्दा सरळ होता. पिंजऱ्यात सापडेल तो तोच असेल कशावरून? आणि नेऊन सोडणार कुठं, यावलच्या अभयारण्यात? तिथून आपलं शिवार बिबट्याला कितीसं लांब? त्यानं जुन्नरचा दाखला काढला. 2001 नंतरची दोन-तीन वर्षं तिकडं उसातले बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडले. जिथं सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अभ्यासून मांडलेलं आहे. पुढं 2009 मध्ये माळशेज घाटात सोडलेला, गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर घातलेला एक नर चालत चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात गेला. अंतर एकशेवीस किलोमीटरच्या आसपास. वाटेत हायवे लागला, रेल्वे लागली, त्यानं कोणाला ओरखडा काढला नाही.

"आन् चाळीसगावचं काय मग?" मास्तरांनी चष्मा काढून विचारलं. "2017 मध्ये तिथं माणसं गेली. शेवटी गोळी घालावी लागली."

अशा वेळी प्राणीप्रेमी मंडळी विषय बदलतात. बाळ्यानं बदलला नाही. "घातली ते बरोबरच केलं. माणसावर चटावलेल्या जनावराला मारायची परवानगी 1972 च्या कायद्यातच आहे, कलम 11. मुख्य वन्यजीव रक्षकांनी लेखी द्यावी लागते. त्याले माह्या विरोध नाही. पण गोऱ्हा खाल्ला म्हणून दिसेल तो बिबट्या उचला, हे पटत नाही. एक उचलला की ती हद्द मोकळी होते, दुसरा येतो. तो कसा निघंल कोणाले ठाऊक?"

मग त्यानं विहिरीची गोष्ट सांगितली. ती आम्ही आधीही ऐकली होती, तरी कोणी थांबवलं नाही. रात्री कुत्र्यामागं धावताना बिबट्या बिनकठड्याच्या विहिरीत पडला. सकाळी पाहतात तर मोटारीच्या पाइपाला मिठी मारून बसलेला, निम्मा पाण्यात, आवाज बसलेला. वनखात्याच्या माणसांनी बाजेच्या चारही पायांना दोर बांधले आणि बाज हळूहळू पाण्यापर्यंत सोडली. तो लगेच चढला. मागचा एक पाय सुंभाच्या जाळीत अडकला होता, तो सोडवायचंही त्राण नाही, नुसता पडून धापा टाकत होता. आता शिडी लावून बाजूला सरकलं की अंधारात तो आपला आपण निघून जाणार. पण बाजूला सरकतो कोण? विहिरीभोवती आख्खं गाव, हातात मोबाईल, शिट्ट्या, पोरं झाडावर. "खालचा एकटा गप्प होता," बाळ्या म्हणाला. "वरच्यांले हटवता हटवता पोलिसांचा दिवस गेला. असा घेरलेला बिबट्या वर आला की जो पुढं दिसंल त्याच्यावर जातो. मग पेपरात येतं, बिबट्याचा हल्ला."

सलीमभाई तोवर काही बोलले नव्हते. त्यांची केळीच्या कटनीची टोळी आहे. ते म्हणाले, "तुमचं दोघांचं खरं. पण माह्या पोरांचं सांगा. आठवडाभर रात्रीची लाईट असते. मोटार चालू करायले, पाणी पाहायले रात्री दोन वाजता बागात जावं लागतं. वरून पानं, खाली अंधार, माणूस वाकून चालतो. बिबट्याले तो माणूस वाटंल का बकरी?"

माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात कामाचं बोलणं हेच. केळीचा बाग वर्षभर उभा असतो, गार सावली, ठिबकचं पाणी, सोबतीला रानडुकरं आणि कुत्री. नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं, तेव्हा बहुतांश पाळीव जनावरंच निघाली आणि त्यात कुत्र्यांचा वाटा सगळ्यात मोठा. आपण नाल्याकाठी कोंबडीची घाण टाकतो, त्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांमागं बिबट्या येतो. त्याच नाल्यावरून आपला सालदार बॅटरी घेऊन रात्री जातो. त्याच्या हाती दिवसाची लाईट द्यायची सोडून आपण वनखात्याकडं पिंजरा मागत बसतो. सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, दिवसा वीज हाच तिचा हेतू. मग बिबट्याच्या नावानं अर्ज करायचाच तर एक प्रत वीज कंपनीलाही जायला हवी. बिबट्या वाचवा म्हणणाऱ्यांनी या मागणीवर मोर्चा काढलेला मी तरी पाहिला नाही. जनजागृतीचे फलक मात्र पुष्कळ पाहिले.

"सातपुड्यात पावरा, भिल्ल लोकं वाघदेव पुजतात," मास्तर म्हणाले, "ते काय येडे आहेत?"

"त्यांच्याकडं केळीचे बाग नाहीत, मास्तर," अप्पांनी उडवून लावलं. मला तरी ते पटलं.

शेवटी कागद उलटा करून नवा मजकूर सुरू झाला. ग्रामसभेत ठराव मांडायचा : शेतीला दिवसा वीज, पंचनामा वेळेत, उघड्या विहिरींना कठडे, बिबट्या दिसला तर वनखात्याच्या 1926 या मदत क्रमांकावर फोन आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत गर्दी नाही. केळी कापताना पिल्लं सापडली तर हात न लावता बाजूला व्हायचं, संध्याकाळी मादी घेऊन जाते, हे बाळ्यानं आग्रहानं घातलं. पिंजऱ्याची ओळ अप्पांनी खोडू दिली नाही. 'माणसावर हल्ला झाल्यास' एवढे शब्द तिच्यापुढं जोडले, तेव्हा बाळ्यानं सही केली.

मग मास्तरांनी विचारलं, उघड्या विहिरी कोणाकोणाच्या? सगळे अप्पांकडं पाहू लागले.

"बांधतो ना," अप्पा म्हणाले. "पण पैसे ग्रामपंचायतीनं द्यावे, असं लिहा त्याच्यात."

सलीमभाई म्हणाले, विहीर तुमची, पाणी तुमचं, अन् कठडा गावाचा? यावर पुन्हा जुंपली. ठरावाचा तो कलम अजून कोराच आहे.