साम्य आढळल्यास पुढची तारीख

कादंबरी लिहायचीच आहे ना? मग पात्रं शोधत कुठे हिंडताय! सोसायटीचे सेक्रेटरी समोरच राहतात. नाव तेवढं बदला. कुलकर्णींचे जोशी केले की झालं. त्यांच्या काखेतली हिरवी रेक्झिनची फाइल, टाकीच्या चाव्यांचा जुडगा, दर वाक्याआधीचं "मी काय म्हणतो" आणि भुवईतला तो एकच लांब पांढरा केस मात्र जसाच्या तसा ठेवा. वास्तववाद म्हणतात त्याला. टाकीच्या दुरुस्तीचे पैसे त्यांनीच खाल्ले, हेही घाला. अख्ख्या बी विंगने पहिल्याच पानावर ओळखलं तरी डगमगू नका. नाव जोशी आहे! बदनामीच्या खटल्यात कोर्ट नाव नाही, ओळख पटते का ते बघतं, असं वकील सांगतील. वकिलांना साहित्यातलं काय कळतं?

किंवा अख्खं माणूसच मनाने बनवा. १९०८ साली इंग्लंडमधल्या एका साप्ताहिकाने आर्टेमस जोन्स नावाचा चर्चचा पदाधिकारी असाच मनाने बनवला आणि फ्रान्समधल्या दिएपला परक्या बाईबरोबर हिंडवला. असल्या नावाचा माणूस असेल कशाला? निघाला. तोही बॅरिस्टर. "आम्हाला हे गृहस्थ ठाऊकच नव्हते" हा बचाव चालला नाही. भरपाईचे १,७५० पौंड मोजावे लागले, आणि १९०९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानेही, तेच कायम केलं. आपल्याकडे तर नावापुढे 'कर' लावलं की गाव निघतं, गावात घर निघतं आणि घरात हटकून एक वकील.

मग पहिल्या पानावर ताईत बांधा : पात्रे काल्पनिक, साम्य आढळल्यास केवळ योगायोग समजावा. या ताईताचं मूळही कोर्टातच आहे बरं का. रशियाच्या झारच्या दरबारातल्या रास्पुतिन या साधूवरच्या १९३२ च्या हॉलिवूडपटात एका राजकन्येची अब्रू जाते. नाव बदलून नताशा केलं होतं. तरी खऱ्याखुऱ्या रशियन राजकन्या इरिना युसुपोव्हा लंडनच्या कोर्टात गेल्या, ती मीच म्हणाल्या, आणि १९३४ मध्ये सिनेमा काढणाऱ्या एमजीएम कंपनीकडून २५,००० पौंड घेऊन परतल्या. सिनेमाच्या सुरुवातीलाच यातली काही पात्रं हयात असल्याची पाटी होती, हा आगाऊपणा वेगळाच. तेव्हापासून सगळेच योगायोग समजायला सांगतात. समजायचं की नाही, हे कोर्ट ठरवतं.

मेलेल्यांवर लिहिणं तरी सुरक्षित? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, म्हणजे बदनामीच्या कलमात, मृतांचीही सोय आहे. जिवंत असते तर अब्रू गेली असती असं काही लिहिलं, आणि घरच्यांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू दिसला, की पुरे. आणि आपल्याकडे जवळचे नातलग तालुकाभर असतात.

"पण खरं तेच लिहिलंय!" म्हणाल. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं. टाकीचे पैसे एक वेळ लोकहितात बसतील. भुवईचा केस कसा बसवायचा ते तुमचं तुम्ही बघा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेचाही पर्याय आहे. टाकी धुवायला लावली तर कथानकही पूर्ण होईल.

एक राहिलंच. त्याच कलमाच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात म्हटलंय की उपरोधाने केलेलं विधानही बदनामी ठरू शकतं. म्हणून सांगून ठेवतो, वरचे सेक्रेटरी आमच्या सोसायटीचे नव्हेत. आमच्यांची फाइल निळी आहे.